यकृतावरचा वण आणि प्रयोगशाळेतली ऊती: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

यकृताबद्दल बोलताना माणसं दोन टोकांना असतात. यकृत कापलं तरी पुन्हा वाढतं, मग त्याची एवढी काळजी कशाला, असं म्हणणारे एकीकडे. आणि रिपोर्टवर ‘सिरॉसिस’ दिसलं की सगळं संपलं असं धरून बसणारे दुसरीकडे. त्यात अलीकडे ‘प्रयोगशाळेत यकृत तयार केलं’ अशा मथळ्यांची भर पडली आहे. या सगळ्या समजुती तपासायच्या तर यकृतातल्या पेशी एकमेकींना ज्या प्रथिनांमार्फत निरोप देतात, त्या ग्रोथ फॅक्टरांपाशी जावं लागतं. वाढ, थांब, तंतू तयार कर, असे ते निरोप. वेळेवर थांबले तर जखम भरते. वर्षानुवर्षं चालू राहिले तर वण साचत जातो, त्याला फायब्रोसिस म्हणतात, आणि त्याची शेवटची पायरी म्हणजे सिरॉसिस.

हे निरोप जिवंत माणसाच्या यकृतात बसून ऐकता येत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत ऊती वाढवाव्या लागतात. आणि त्या ऊतीत आपण आधीच काय काय घालून ठेवलंय, हे पक्कं ठाऊक असेल तेवढ्यापुरतंच तिचं सांगणं खरं मानता येतं. हा मुद्दा बातम्यांमधून जवळजवळ नेहमीच निसटतो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गैरसमज: वण दारू पिणाऱ्यांच्याच यकृतावर पडतो.

याला सर्वांत ठोस उत्तर पुण्यातून मिळालेलं आहे. भारतात एकेकाळी सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना सिरॉसिस होत असे. पोट फुगायचं, यकृत हाताला दगडासारखं टणक लागायचं, आणि बहुतेक मुलं दगावायची. ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’ या नावानं तो वैद्यकीय पुस्तकांत गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये त्याचा संबंध तान्ह्या मुलांना दिल्या जाणाऱ्या दुधाशी जोडून दाखवला. गाईचं किंवा म्हशीचं वरचं दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलं की त्यात तांबं उतरायचं. या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण प्रचंड असे. ऑर्सीन नावाच्या रंगानं ऊतीचा काप रंगवला की पेशींमध्ये तांब्याशी निगडित गडद तपकिरी कण दिसत. घरोघरी स्टील आलं आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला.

दारू, तांबं, हिपॅटायटिस बी आणि सी, पित्तनलिकेतला अडथळा, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत साचणारी चरबी: सुरुवात कशानंही होवो, पुढचा रस्ता बराचसा एकच आहे. सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’बद्दलही इथेच सांगायला हवं. तो ग्रेड चरबीचा असतो, वणाचा नव्हे. वण किती आहे हे पाहायला यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी तपासणी किंवा बायोप्सी लागते.

गैरसमज: यकृताच्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी आपोआप वण भरतो.

मेलेली पेशी वण तयार करत नाही. ते काम जिवंत पेशी करतात, तेही जोमानं, आणि त्या पेशी कोणत्या हे कळायला शंभरावर वर्षं गेली.

कार्ल फॉन कुप्फर यांनी १८७६ मध्ये यकृताचे काप गोल्ड क्लोराइडनं रंगवले तेव्हा त्यांना रक्तवाहिन्यांच्या कडेला ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या काळ्या पेशी दिसल्या. पुढे त्यांनी स्वतःच या पेशींची गल्लत रक्तवाहिन्यांत बसून जंतू गिळणाऱ्या पेशींशी (आजच्या कुप्फर पेशींशी) केली, आणि ती गल्लत अनेक दशकं टिकली. विसाव्या शतकाच्या मध्यावर जपानमध्ये तोशिओ इतो यांनी यकृतात चरबी साठवणाऱ्या पेशींचं वर्णन केलं. त्या आणि कुप्फर यांच्या ताऱ्यासारख्या पेशी एकच, हे केंजिरो वाके यांनी १९७१ मध्ये दाखवलं. याच आजच्या स्टेलेट पेशी. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्कॉट फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतातून त्या वेगळ्या काढल्या आणि वणाचे तंतू ज्या प्रथिनाचे असतात ते कोलॅजेन मुख्यतः याच बनवतात हे मांडलं. उंदरांमध्ये पेशींच्या वंशाचा माग काढणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात वण विणणाऱ्या पेशींपैकी ८२ ते ९६ टक्के पेशी मूळच्या स्टेलेट निघाल्या.

निरोगी यकृतात या पेशी शांत असतात. शरीरातल्या ‘अ’ जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा त्यांच्या पोटातल्या तेलाच्या थेंबांत असतो. त्या थेंबांमुळे त्या इतर पेशींपेक्षा हलक्या असतात, म्हणून यकृताच्या पेशींचं मिश्रण विशिष्ट घनतेच्या द्रवावर घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की त्या वर तरंगून येतात. वरचा तो पातळ, पांढुरका थर पिपेटनं उचलायचा, थेंबभर काचपट्टीवर घ्यायचा आणि अतिनील प्रकाशाखाली पाहायचं: पेशीतले थेंब निळसर-हिरवे चमकतात, आणि बघता बघता ती चमक विझते, कारण तोच प्रकाश जीवनसत्त्वाचा नाश करतो. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास फोटो काढायचा विसरतो. यकृताला इजा झाली की या पेशी तेल टाकून देतात, पसरतात, स्नायूंसारखी आकुंचन पावणारी प्रथिनं बनवू लागतात आणि भोवती कोलॅजेन ओततात. हे करायला त्यांना सांगतं कोण, तर ग्रोथ फॅक्टर.

गैरसमज: टीजीएफ-बीटा हा खलनायक आहे, तो बंद केला की काम झालं.

वण विणण्याचा सर्वांत जोरकस हुकूम टीजीएफ-बीटा-१ हे प्रथिन देतं, यात वाद नाही. पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला ते चिकटलं की आत स्मॅड-२ आणि स्मॅड-३ ही प्रथिनं जागी होतात, स्मॅड-४ ला घेऊन केंद्रकात शिरतात आणि कोलॅजेनचं जनुक चालू करतात. स्टेलेट पेशींची संख्या वाढवण्याचं काम मुख्यतः पीडीजीएफचं. त्याचं नावच रक्तातल्या प्लेटलेट्सवरून पडलंय.

पण हाच टीजीएफ-बीटा शरीरात इतरत्र काय करतो ते पाहा. १९९२ मध्ये त्याचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. ते जन्मले, काही आठवडे जगले, आणि अवयवाअवयवांत दाह पसरून मेले. रोगप्रतिकारक पेशींना आवरून धरणं हेही त्याचंच काम होतं. यकृतातच तो मुख्य पेशींना, म्हणजे हेपॅटोसाइटना, वाढ थांबवायला सांगतो. पुनर्वाढ पुरी झाल्यावर हा आदेश लागतोच. फ्रेसोलिमुमॅब ही टीजीएफ-बीटाला अडवणारी अँटिबॉडी कर्करोगाच्या रुग्णांना दिली, तेव्हा काहींच्या त्वचेवर नव्या गाठी उठल्या. ज्याच्याकडे इतकी कामं आहेत त्याला सरसकट गप्प करणं परवडत नाही.

त्यातून, टीजीएफ-बीटा यकृतात आधीच भरपूर असतो, पण निष्क्रिय. तो एका आवरणात गुंडाळलेला आणि पेशींबाहेरच्या तंतूंना बांधलेला असतो. तो मोकळा करण्याचा एक मार्ग म्हणजे ओढ. पेशी इंटिग्रिन नावाच्या हातांनी ते आवरण धरून आकुंचन पावते. तंतू सैल असतील तर तेही पेशीसोबत ओढले जातात आणि काहीच सुटत नाही. तंतू ताठ असतील तर आवरण फाकतं आणि टीजीएफ-बीटा बाहेर पडतो. लोझानच्या संशोधकांनी २००७ मध्ये हे दाखवलं. परिणाम उघड आहे: जितका वण, तितका कडकपणा, जितका कडकपणा, तितका टीजीएफ-बीटा मोकळा, आणि त्यातून आणखी वण. म्हणून आता अनेकांचा प्रयत्न टीजीएफ-बीटाला मारण्याऐवजी ठरावीक इंटिग्रिन अडवण्याचा असतो, म्हणजे तो जिथे मोकळा होतो तिथेच त्याला धरता यावं.

आणि सगळे ग्रोथ फॅक्टर वण वाढवतातही नाहीत. तोशिकाझु नाकामुरा यांनी १९८४ मध्ये, यकृताचा भाग कापलेल्या उंदरांच्या रक्तात हेपॅटोसाइट वाढवणारा एचजीएफ ओळखला. १९९९ मध्ये सिरॉसिस झालेल्या उंदरांना त्याचं जनुक दिल्यावर वण कमी झाला आणि टीजीएफ-बीटाही उतरला.

गैरसमज: पेशी ताटलीत वाढवायच्या, ग्रोथ फॅक्टर घालायचा, वण होतो का बघायचं. सोपं आहे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या क्षेत्रातल्या बहुतेक चुकीच्या निष्कर्षांची मुळं इथेच आहेत.

शांत स्टेलेट पेशी काढून साध्या प्लॅस्टिकच्या ताटलीत ठेवल्या, तर काहीही न घालता त्या आठवड्याभरात तेल टाकतात, पसरतात आणि कोलॅजेन बनवू लागतात. कारण प्लॅस्टिक. निरोगी यकृताचा कडकपणा फायब्रोस्कॅनवर साधारण ५ किलोपास्कलच्या आसपास येतो, सिरॉसिसमध्ये १२-१४ च्या वर जातो. ताटलीचं प्लॅस्टिक या दोन्हींपेक्षा लाखो पटींनी कडक असतं. पेशीला ते सिरॉसिसच्याही पलीकडचं यकृत वाटतं. फिलाडेल्फियात रेबेका वेल्स यांच्या गटानं पेशी मऊ जेलवर ठेवून पाहिल्या तेव्हा त्या शांत राहिल्या. याच गटानं २००७ मध्ये उंदरांत दाखवलं की यकृत आधी कडक होतं आणि कोलॅजेन त्यानंतर साचतं. कडकपणाला आपण वणाचा परिणाम समजत होतो; तो कारणही निघाला.

दुसरी गोष्ट, पेशींना जगायला जो द्रव देतात त्यात बहुधा गाईच्या गर्भाचं सीरम असतं. रक्त गोठताना प्लेटलेट्स फुटतात, त्यामुळे सीरममध्ये पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा आयतेच येतात. म्हणजे ‘काहीही न घातलेली’ तुलनेची ताटली प्रत्यक्षात रिकामी नसते.

तिसरी गोष्ट, त्रिमितीय ऊती वाढवताना आधाराला घेतलं जाणारं मॅट्रिजेल. हे उंदराच्या एका गाठीतून काढलेलं जेल. थंड असताना पातळ, ३७ अंशांना घट्ट. त्यातही ग्रोथ फॅक्टर असतात, आणि एका खेपेचा माल दुसऱ्यासारखा नसतो. ग्रोथ फॅक्टर कमी केलेलं मॅट्रिजेल मिळतं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

चौथी गोष्ट तर नवख्यांना हमखास चकवते. मानवी यकृताचे ऑर्गनॉइड, म्हणजे जेलमध्ये वाढणारे ऊतीचे सूक्ष्म गोळे, वाढवण्याची जी पद्धत मेरिक्सेल हुक आणि हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं २०१५ मध्ये दिली, तिच्या द्रवात ए-८३-०१ नावाचं रसायन असतं. ते टीजीएफ-बीटाचा रिसेप्टर बंद ठेवतं, कारण तो चालू राहिला तर पेशी वाढत नाहीत. आता त्याच द्रवात कोणी टीजीएफ-बीटा घालून ‘काही परिणाम दिसला नाही’ असं लिहिलं, तर चूक ऊतीची नाही. आधी ते रसायन धुऊन काढावं लागतं, पेशींना सावरायला वेळ द्यावा लागतो आणि मगच प्रयोग सुरू होतो.

नीट केलेला प्रयोग साधारण असा असतो. हेपॅटोसाइट आणि स्टेलेट पेशी ठरलेल्या प्रमाणात मिसळून, न चिकटणाऱ्या खळग्यात त्यांचे गोळे बनू द्यायचे. सीरम काढून घ्यायचं. काही गोळ्यांना दर मिलिलिटरला ५ ते १० नॅनोग्रॅम टीजीएफ-बीटा, काहींना तोच टीजीएफ-बीटा आणि त्याचा अडथळा, काहींना फक्त अडथळा, काहींना काहीच नाही. काही दिवसांनी गोळे कापून पिक्रोसिरियस रेडनं रंगवायचे. कोलॅजेन लाल दिसतं, आणि ध्रुवित प्रकाशात त्याचे जाड तंतू काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी-लाल उजळतात. फक्त कोलॅजेनच्या जनुकाचा आरएनए वाढला एवढ्यावर ‘फायब्रोसिस’ लिहिणं घाईचं आहे. प्रथिन बनलं का, पेशीबाहेर आलं का, तंतू गुंफले गेले का, हे पाहायलाच हवं. टीजीएफ-बीटा ओतून वण मिळाला तर टीजीएफ-बीटा वण करू शकतो एवढंच सिद्ध होतं, रुग्णाच्या यकृतात त्यानंच केला हे नाही. म्हणून ज्या प्रयोगांत टीजीएफ-बीटा बाहेरून न घालता हेपॅटोसाइटना इजा केली जाते आणि त्यांच्या निरोपावरून स्टेलेट पेशी जाग्या होतात, त्यांना माझ्या मते जास्त वजन द्यायला हवं. ब्रसेल्सच्या गटानं २०१६ मध्ये मिश्र गोळ्यांवर असंच केलं.

गैरसमज: ऑर्गनॉइड म्हणजे छोटं यकृत, उद्या ते प्रत्यारोपणाला वापरता येईल.

ऑर्गनॉइड जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा असतो. त्यात रक्त वाहत नाही, आणि ऑक्सिजन नुसत्या झिरपण्यानं एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आत पोचत नाही, म्हणून मोठा गोळा मधून मरू लागतो. ताकानोरी ताकेबे यांच्या गटानं २०१३ मध्ये योकोहामात बनवलेल्या ‘यकृत-कळ्या’ उंदरात बसवल्यावर त्यांना रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या, ही मोठी गोष्ट होती. पण त्यातून रुग्णाला लावायचं यकृत तयार झालं नाही. बंगळूरच्या पँडोरम टेक्नॉलॉजीज या कंपनीनं २०१५ मध्ये त्रिमितीय छपाईनं यकृताची ऊती बनवल्याचं जाहीर केलं, तीही मुख्यतः औषधं तपासण्यासाठी.

ऑर्गनॉइडचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. ताकेबे यांच्याच गटानं २०१९ मध्ये, निरोगी आणि आजारी माणसांच्या ११ मूलपेशी-वाणांपासून, हेपॅटोसाइटसोबत स्टेलेट आणि कुप्फर पेशींसारख्या पेशीही असलेले ऑर्गनॉइड वाढवले. त्यांना फॅटी ॲसिड दिलं की आधी चरबी, मग दाह आणि मग कडकपणा असा क्रम दिसला, आणि तो कडकपणा अतिसूक्ष्म सुईनं दाबून मोजता आला. चरबी पचवणारं एक एन्झाइम जन्मतःच नसलेल्या रुग्णांच्या पेशींपासून केलेल्या ऑर्गनॉइडमध्ये आजार तीव्र उमटला. त्या रुग्णांच्या यकृताला हात न लावता त्यांच्या आजाराशी बोलता आलं, ते यामुळे.

गैरसमज: आता प्राण्यांवर प्रयोग करायची गरजच उरली नाही.

गरज कमी झाली आहे, संपलेली नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि भारतात २०२३ मध्ये नियम बदलून मानवी पेशींच्या ऊती, ऑर्गनॉइड आणि चिपवरच्या चाचण्यांना औषधपरीक्षणात वाट मोकळी केली गेली. पण रक्ताभिसरण, आतड्यातले जंतू, संप्रेरकं हे सगळं एकत्र ताटलीत येत नाही. आणि उंदीरही सगळं सांगत नाही: कार्बन टेट्राक्लोराइड देऊन केलेला त्याचा वण, ते देणं थांबवलं की काही आठवड्यांत विरतो, माणसाचा इतक्या लवकर विरत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी यकृताचे पाव मिलिमीटर जाडीचे जिवंत काप या दोन्हींच्या मधली जागा भरतात, जरी ते मोजकेच दिवस टिकतात आणि कापल्याच्या इजेनं त्यांत आपोआपही वण सुरू होतो.

गैरसमज: एकदा पडलेला वण कायमचा.

२०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास पाहा. हिपॅटायटिस बीच्या ३४८ रुग्णांना टेनोफोव्हिर दिलं, आणि उपचारांआधी व पाच वर्षांनी अशी दोनदा बायोप्सी केली. सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७४ टक्के लोकांत पाच वर्षांनी सिरॉसिस उरला नव्हता. विषाणू दबला, इजा थांबली, निरोप थांबले. पुण्याच्या त्याच केईएममधून १९९६ मध्ये आलेला अहवाल मला याहून हलवून जातो: पेनिसिलामिन देऊन तांबं बाहेर काढलेल्या आणि वाचलेल्या मुलांच्या बायोप्सी वर्षांमागून वर्षं पाहिल्या, तर काहींचं यकृत जवळजवळ नेहमीसारखं दिसू लागलं होतं.

मात्र वण विरला तरी पेशी सगळं विसरत नाही. २०१२ मध्ये दोन गटांनी उंदरांत दाखवलं की जाग्या झालेल्या स्टेलेट पेशींपैकी सुमारे निम्म्या मरत नाहीत, पुन्हा शांत होतात. पण पुढच्या इजेला त्या पहिल्यापेक्षा लवकर उठतात. उपचारानंतर ‘आता रिपोर्ट चांगला आलाय’ म्हणून दारू पुन्हा सुरू करणाऱ्याला हे समजावून सांगायला हवं.

गैरसमज: ताटलीत चाललं म्हणजे औषध आलंच.

कोलॅजेनचे धागे एकमेकांना जोडणारं लॉक्सएल-२ हे एन्झाइम अडवणारी सिमटुझुमॅब ही अँटिबॉडी माणसांपर्यंत पोचली. आधीच्या प्रयोगांतून आशा होती. रुग्णांत फायदा दिसला नाही, आणि २०१६ मध्ये चाचण्या थांबल्या. चरबीमुळे दाह आणि वण आलेल्या यकृतासाठी अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं औषध मार्च २०२४ चं रेस्मेटिरोम. एका वर्षानंतर साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत वण एका पायरीनं उतरला; नुसती प्लासिबो गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडलाही याच आजारासाठी मंजुरी मिळाली. यांपैकी एकही थेट टीजीएफ-बीटावर किंवा कोलॅजेनवर काम करत नाही. रेस्मेटिरोम मुख्यतः हेपॅटोसाइटमधली चरबी जाळतं; सेमाग्लुटाइड भूक आणि वजन कमी करतं. पुढच्या रांगेत असलेलं एफ्रुक्सिफर्मिन हे एफजीएफ-२१ या ग्रोथ फॅक्टरचं बदललेलं रूप. सिरॉसिसच्या रुग्णांत ३६ आठवड्यांनी त्याचं मुख्य उद्दिष्ट साधलं नाही, ९६ आठवड्यांनी मात्र वण उतरलेले रुग्ण प्लासिबोपेक्षा जास्त आढळले. तेही चरबीच्या ऊतीसह शरीरभर काम करतं. ही तिन्ही औषधं फक्त स्टेलेट पेशी असलेल्या ताटलीत घातली असती तर त्यांची खरी ताकद दिसलीच नसती. म्हणूनच आता यकृताची आणि चरबीची ऊती एकाच चिपवर, एकाच वाहत्या द्रवानं जोडून वाढवण्याचं काम सुरू आहे.